चार हातांवरचा माझा विश्वास

माझं एक मत होतं आणि ते मी बरीच वर्षं अभिमानानं सांगत असे. आपल्याकडे रॅम्प नसतील, लिफ्ट नसतील, पण माणसं आहेत. व्हीलचेअर पायरीपाशी अडली की कुणी न बोलावता चार जण पुढे होतात, खुर्चीला हात घालतात आणि माणूस वर पोहोचतो. जिथं माणसाला माणूस विचारत नाही तिथं यंत्रं आणि सोयी लागतात. आपल्याला त्यांची एवढी निकड नाही, असं मी म्हणत असे. आज मी तसं म्हणत नाही. ते मत कसं गेलं आणि त्याच्या जागी काय आलं हे सांगावंसं वाटतं, कारण तेच मत मला आजही चांगल्या, मोठ्या मनाच्या माणसांच्या तोंडून ऐकू येतं.

या मताचं मूळ आमच्या घरात होतं. माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, लहानपणी पोलिओ झाला. कॅलिपर आणि कुबड्यांवर ती शिकली, तिनं नोकरी केली. पन्नाशीच्या आसपास तिचे खांदे दुखू लागले आणि उरलेल्या स्नायूंची ताकदही उतरू लागली. पोलिओनंतर कित्येक वर्षांनी अनेकांना असा दुसरा त्रास सुरू होतो, हे आम्हाला तेव्हा डॉक्टरांकडून कळलं. घराबाहेर पडायचं तर व्हीलचेअर आली. पण आम्ही भावंडांनी, आणि पुढे भाचे-पुतण्यांनी, तिला कोणत्याही सहलीला मागं ठेवलं नाही. घारापुरीला लाँचमध्ये चढवताना दोघे आत उभे राहिले, दोघे धक्क्यावर. बेटावरच्या सुमारे १२० पायऱ्या ती डोलीतून चढली. अजिंठ्याला डोली केली. रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे, त्यामुळे पायथ्यापासूनच्या सुमारे दीड हजार पायऱ्यांचा प्रश्न मिटला; वर पोहोचल्यावर पुन्हा पायऱ्या लागल्या तेव्हा पोरांनी खुर्चीसकट तिला उचललं. ‘ताईचं काही अडलं नाही’ हे वाक्य आमच्याकडे प्रत्येक सहलीनंतर म्हटलं जाई.

उचलायचं कसं, हेही आम्हाला नीट समजलं होतं. हातांचे दांडे आणि पावलं टेकायच्या पट्ट्या बऱ्याच खुर्च्यांमध्ये सुट्या निघतात, म्हणून तिथं धरायचं नाही. धरायचं ते मुख्य सांगाड्याला. चढताना खुर्चीची पाठ पायऱ्यांकडे करायची. उचलण्याआधी ब्रेक लावायचा आणि कुणीतरी एकानंच आवाज द्यायचा. अनोळखी माणसं मदतीला येत, तेव्हा मी त्यांना हे सगळं भराभरा सांगत असे. त्यात मला एक प्रकारची कर्तबगारी वाटे. ताई त्या वेळी डोळे मिटून घेई. मला वाटे, उंचीची भीती वाटत असेल.

त्या मतात प्रेम होतं. ते खोटं होतं असं मला आजही वाटत नाही. पण प्रेमानं केलेल्या गोष्टीमुळे समोरच्याला काय काय सोसावं लागतं, हे मला बऱ्याच उशिरा, तुकड्या-तुकड्यांनी दिसत गेलं.

पहिला तुकडा वेरूळचा. कैलास लेणं पाहायला आम्ही सकाळी लवकर गेलो होतो. लेणं क्रमांक १६ वाहनतळापासून जवळ, आणि अख्खं मंदिर एकाच खडकात, वरून खाली कोरत आणलेलं. मी ताईला राष्ट्रकूट, पहिला कृष्ण, आठवं शतक असं सगळं उत्साहानं सांगत होतो. ऊन तापलं होतं. मी पाण्याची बाटली पुढे केली, तिनं नको म्हटलं. पुन्हा दिली, पुन्हा नको.

“सकाळपासून प्यायली नाहीस तू.”

“बाहेर पडले की मी पीत नाही,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“नेहमीच. चहासुद्धा आदल्या संध्याकाळीच बंद करते. इथल्या स्वच्छतागृहात मी जाऊन आले तर तुम्हा सगळ्यांचा अर्धा तास जाईल, आणि आत दोन बायकांना माझ्याबरोबर यावं लागेल. नकोच ते.”

हे ती तक्रारीच्या सुरात बोलली नाही. छत्री घेतली आहे असं सांगावं, तितक्या सहज सांगितलं. आमच्या प्रत्येक सहलीत, आम्ही भजी-चहाला थांबत होतो तेव्हा, ती तहान मारत बसलेली होती. चार हात तिला कैलासाच्या प्रांगणात नेऊ शकत होते. स्वच्छतागृहाच्या आत नेऊ शकत नव्हते. तिथं दार रुंद लागतं, आत खुर्ची वळवायला जागा लागते, भिंतीला धरायला दांडा लागतो. माणुसकी कितीही असली तरी ती दाराची रुंदी वाढवत नाही.

दुसरा तुकडा कोकणातल्या एका हॉटेलचा. फोनवर आम्ही विचारलं होतं, व्हीलचेअर चालेल का? ‘चालेल की, आमची मुलं आहेत उचलायला,’ असं आपुलकीचं उत्तर आलं. मुलं खरोखरच होती आणि फार चांगली होती. पण न्हाणीघराचं दार खुर्चीपेक्षा अरुंद होतं. बाहेर ‘रॅम्प’ म्हणून जे होतं, ती सामानाच्या ढकलगाडीसाठी केलेली घसरण होती. रॅम्पचा साधा नियम एकास बाराचा आहे: एक फूट चढायचं तर उतरण किमान बारा फूट लांब हवी. इथं दोन फूट उंचीला जेमतेम चार फूट लांबी होती. अशा उतारावर खुर्ची स्वतःच्या हातांनी चढवता येत नाही, आणि उतरताना ती माणसाला घेऊन सुटते. त्या मुक्कामात ताई खोलीतून बाहेर आली ती फक्त जेवायला. समुद्राची गाज खोलीत ऐकू येत होती. वाळूवर नेऊ का, म्हणून मुलांनी विचारलं, तर ती आम्हाला म्हणाली, “त्यांना किती वेळा हाक मारायची?”

हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. चार हात मिळतात, हे खरं. पण ते मागावे लागतात. दर पायरीला मागावे लागतात, आणि मागितल्यावर ज्यानं दिले त्याच्या वेळेत आपली हौस बसवावी लागते. एखाद्या मूर्तीसमोर अजून थोडं थांबावंसं वाटलं तरी चार जण खोळंबलेले असतात. आपण उतरतो ते आपलं पाहून झालं म्हणून नव्हे, त्यांचे हात मोकळे करायचे म्हणून. पर्यटनातली मुख्य गोष्टच अशी निसटते: रेंगाळणं, परत मागं वळणं, नुसतं बसून राहणं.

मत पुरतं बदललं ते चेन्नईत. पुतण्या नोकरीला तिकडे होता, म्हणून आम्ही हिवाळ्यात गेलो होतो. मरीना किनाऱ्यावर व्हीलचेअरसाठी लाकडी वाट केली आहे. २७ नोव्हेंबर २०२२ रोजी ती सुरू झाली. लांबी २६३ मीटर, खर्च सुमारे १ कोटी १४ लाख रुपये. ती सहज मिळालेली नाही. तिथल्या अपंग हक्कांसाठी झगडणाऱ्या लोकांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली. त्याआधी ३ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक अपंग दिनाच्या आसपास, काही दिवसांपुरती वाट टाकली जायची आणि मग काढली जायची. कायमची वाट झाली आणि दोनच आठवड्यांत मंदोस चक्रीवादळाच्या लाटांनी तिचा समुद्राकडचा भाग मोडला. तो दुरुस्त करून वाट पुन्हा खुली केली गेली. मला या दुरुस्तीचं उद्घाटनापेक्षा जास्त मोल वाटतं. उद्घाटन उत्साहात होऊन जातं. मोडलेलं पुन्हा उभं करायला ती गोष्ट गरजेची वाटावी लागते.

त्या वाटेवर ताई स्वतः चाकं फिरवत गेली. मी सवयीनं खुर्चीच्या मागे हात नेला, तर तिनं मान हलवून नको म्हटलं. वाटेवर आजी-आजोबा होते, बाबागाड्या ढकलणारे आई-बाप होते. टोकाशी, लाटांच्या जवळ, तिनं ब्रेक लावला आणि आम्हाला म्हणाली, “तुम्ही जा फिरून या.” आम्ही लांबवर जाऊन परत आलो, तरी ती तिथंच होती. शेजारच्या एका बाईंशी तिची ओळख झाली होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी त्यांचं छान चाललं होतं. अंधार पडायला लागल्यावर आम्ही निघू या म्हटलं. ती म्हणाली, “आणखी थोडा वेळ.” इतक्या वर्षांच्या सहलींत ताईनं ‘आणखी थोडा वेळ’ मागितलेला मला आठवत नाही. खोलीवर परतताना तिनं सांगून टाकलं, “उद्या मी परत येणार आहे. तुम्हाला कंटाळा आला असेल तर तुम्ही येऊ नका.”

तेव्हापासून मी या विषयाचं मिळेल ते वाचत आलो. २००१ च्या जानेवारीत स्टीफन हॉकिंग भारतात आले होते. त्यांना दिल्लीतल्या जुन्या वास्तू पाहायच्या होत्या. स्वतः व्हीलचेअर वापरणारे कार्यकर्ते जावेद आबिदी यांनी पाठपुरावा केला आणि पुरातत्त्व खात्यानं कुतुबमिनार, लाल किल्ला, हुमायूनची कबर आणि जंतरमंतर इथं तात्पुरते लाकडी रॅम्प लावले. म्हणजे शतकानुशतकं उभ्या असलेल्या या वास्तूंना धक्का न लावता वाट करता येत होती. ती करायची आहे, एवढं कुणीतरी ठरवण्याचा अवकाश होता. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञासाठी जे शक्य झालं ते साताऱ्याच्या निवृत्त शिक्षिकेसाठी किंवा नांदेडच्या विद्यार्थ्यासाठीही शक्य असलंच पाहिजे.

कायदाही हेच सांगतो. भारतानं अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००७ मध्ये मान्य केला. त्याच्या ३० व्या कलमात संस्कृती, करमणूक, पर्यटनस्थळं यांत इतरांच्या बरोबरीनं सहभागी होण्याचा हक्क आहे. आपला दिव्यांगजन अधिकार कायदा २०१६ चा. त्याचे नियम झाल्यापासून पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायच्या होत्या; नियम २०१७ मध्ये आले, मुदत २०२२ मध्ये संपली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, राजीव रतुरी यांनी २००५ पासून चालवलेल्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगमतेचे निकष नुसते शिफारशीच्या स्वरूपात ठेवून चालणार नाही. किमान काही निकष सक्तीचे हवेत. रतुरी स्वतः दृष्टिहीन आहेत. आणि जीजा घोष यांचं प्रकरण तर प्रवासाचंच आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या या बाई २०१२ मध्ये एका परिषदेसाठी कोलकात्याहून गोव्याला निघाल्या होत्या. त्यांना विमानातून उतरवण्यात आलं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विमान कंपनीला त्यांना दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. हे वाचताना मला जाणवलं की ज्या गोष्टीला मी इतकी वर्षं मदत म्हणत आलो, तिला ही माणसं हक्क म्हणत न्यायालयात उभी होती, आणि त्यांचंच म्हणणं खरं होतं.

माझ्या जुन्या मताच्या बाजूचे दोन मुद्दे मात्र मला अजूनही गंभीरपणे घ्यावेसे वाटतात.

पहिला वारशाचा. मी गडांवर वाढलेला माणूस आहे. राजगडाच्या माथ्यावर गाडी जावी असं मला वाटत नाही, आणि ताईलाही वाटत नाही. गडाची दुर्गमता हीच त्याची रचना होती. पण या एका खऱ्या भावनेच्या आड आपण कितीतरी गोष्टी टाळतो, ज्यांचा दुर्गमतेशी काही संबंध नाही. पायथ्याच्या तिकीटखिडकीला पायरी असण्यात कोणता इतिहास आहे? माहितीकेंद्राच्या उंबऱ्यात कोणता? पन्हाळ्यावर गाडीरस्ता आहे, गडावर गाव नांदतं, म्हणून पन्हाळ्याचं तेज कमी झालेलं नाही. ताई पन्हाळ्यावर गाडीतून तीन दरवाजाजवळ पोहोचली आणि त्या कमानीखाली बराच वेळ होती. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले; त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आहेत, पन्हाळा आणि रायगडही त्यांत आहेत. आता तिथं नवी कामं होतील. ती होताना कुठं वाट करता येते आणि कुठं करू नये, हे गडगणिक ठरवावं. जिथं माथा गाठणं शक्यच नाही तिथं पायथ्याशी गडाची मोठी, हात लावून पाहता येईल अशी प्रतिकृती असावी.

अथेन्सच्या अक्रोपोलिसचा वाद मला यासाठी महत्त्वाचा वाटतो. २००४ च्या पॅरालिम्पिकच्या वेळी तिथं लिफ्ट बसवली होती. तिच्या जागी डिसेंबर २०२० मध्ये नवी लिफ्ट आली आणि माथ्यावर काँक्रीटच्या रुंद वाटा केल्या गेल्या. त्या वाटांवर जोरदार टीका झाली, आणि टीका करणाऱ्यांत जाणकार लोक होते. असा वाद आपल्याकडेही व्हायला हवा. पण तो वाट कशाची करावी, किती रुंद करावी यावर व्हावा. अपंग माणसानं तिथं यावं की नाही यावर नव्हे.

दुसरा मुद्दा पैशाचा. येणारी माणसं थोडी, मग एवढा खर्च कशाला? २०११ च्या जनगणनेनुसार भारतात २ कोटी ६८ लाख अपंग माणसं आहेत. ती दिसत नाहीत, कारण त्यांना बाहेर पडता येत नाही. आणि दिसत नाहीत म्हणून त्यांच्यासाठी काही केलं जात नाही. मरीनाच्या वाटेवर मी पाहिलं त्यात व्हीलचेअरपेक्षा गुडघे दुखणाऱ्या आज्या जास्त होत्या. आपण सगळेच त्या वयाकडे चाललो आहोत. शिवाय बऱ्याच गोष्टींना पैसा लागतच नाही. हॉटेलनं न्हाणीघराच्या दाराची रुंदी मोजून कळवावी, उंबऱ्यांचे आणि दाराचे फोटो पाठवावेत, संग्रहालयानं आपल्या पायऱ्यांची संख्या सांगावी. ताईला खोटं आश्वासन नको असतं, आकडे हवे असतात. नव्वद सेंटिमीटरचं दार आहे म्हटलं की ती निघते. साठ आहे म्हटलं की दुसरीकडे जाते. दोन्ही तिचे निर्णय असतात.

आणि ही गोष्ट केवळ रॅम्पची नाही. ताईची एक मैत्रीण दृष्टिहीन आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ‘अनुभव’ नावाचं दालन २०१५ मध्ये सुरू झालं; तिथं मूर्तींच्या प्रतिकृतींना हात लावून पाहता येतं. ‘हात लावू नये’ ही सूचना आयुष्यभर ऐकलेल्या माणसाला तिथं हात लावायला बोलावलं जातं. ऐकू न येणाऱ्यांसाठी सांकेतिक भाषा जाणणारा मार्गदर्शक किंवा निदान छापील माहिती लागते. प्रत्येकाची गरज वेगळी, म्हणून ठरवणाऱ्यांत ती ती माणसं हवीत. हे कोल्हापूरच्या लोकांना वेगळं सांगायला नको. नसीमाताई हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ ही संस्था सुरू केली, तेव्हापासून व्हीलचेअरवरची माणसं काय उभं करू शकतात हे तिथं डोळ्यांसमोर आहे. त्यांना विचारून बांधलेली वास्तू आणि त्यांच्यासाठी अंदाजानं बांधलेली वास्तू यांतला फरक आत शिरताच कळतो.

राहता राहिले डोलीवाले. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांनी ताईला कधी हिसका बसू दिला नाही. पण खांद्यावर माणूस वाहून नेणं हेच त्यांच्या मुलांच्याही वाट्याला यावं असं मी म्हणू शकत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा आणायला सांगितलं, ते ओढणाऱ्या माणसाच्या प्रतिष्ठेसाठी. वाहणारा आणि वाहिला जाणारा, दोघांनाही मोकळं करणारा रस्ता एकच आहे. तो रस्ता नीट बांधावा लागतो, आणि डोलीवाल्यांच्या रोजगाराची सोय त्यातच करावी लागते.

चार हातांवरचा माझा विश्वास गेलेला नाही. वाळूत, लाँचच्या धक्क्यावर, वीज गेलेल्या लिफ्टसमोर ते लागणारच. पण ते शेवटी यावेत, बोलावल्यावर यावेत. आधी वाट हवी. एखादं ठिकाण सगळ्यांसाठी आहे की नाही हे ठरवताना मी आता तीन गोष्टी पाहतो: माणसाला तिथं स्वतःहून जाता येतं का, हवं तेवढं थांबता येतं का, आणि मनात येईल तेव्हा निघता येतं का. ताईला कैलासासमोर पोटभर पाणी पिऊन थांबता यावं, ही माझी मागणी आहे आणि ती मला अवाजवी वाटत नाही.

म्हणून आता सहलीआधी फोन केला आणि पलीकडून ‘काळजी करू नका, आमची मुलं उचलतील’ असं उत्तर आलं, तर मी मनापासून आभार मानतो. मग दाराची रुंदी विचारतो, रॅम्पची लांबी विचारतो, आणि रॅम्प नसेल तर तो कधी होणार हे लेखी विचारतो. पत्राखाली सही ताईची असते.